कायमचा पत्ता

९ जानेवारी, गुरुवार. अहेरी

डिपार्टमेंटच्या भिंतीवर आज तक्ता लावला. चार कार्डशीट जोडून, स्केचपेनने. कोणत्या देशाची किती पोरं वरच्या शिक्षणासाठी देशाबाहेर जातात. डावीकडे देश, पुढे दोन रकाने. पहिला, एकूण डोकी. दुसरा, दर हजार विद्यार्थ्यांमागे किती. सगळी गंमत दुसऱ्यात. डोकी मोजली की चीन आणि आपण सगळ्यांच्या वर, छाती फुगते. दर हजारी काढलं की आपण धाडकन खाली, आणि नकाशात बोटाखाली झाकला जाणारा लक्झेंबर्ग वर. नेपाळसुद्धा आपल्या कितीतरी वर.

इतिहासवाला वाघाडे चहाचा कप घेऊन आला. "काऊन सर, अहेरीत बसून लक्झेंबर्ग मोजून राह्यले? आपल्या पोरायले बाजूचं गोंडपिपरी परदेश हाय." स्टाफरूम हसली. मी हातातली स्टीलची पट्टी टेबलावर आपटली. वाकली. काचही तडकली. बायको, संगीता, दर रविवारी ऊर्जानगरला घरी गेलो की बजावते, राग आवरा जी. आवरतो. मग असा कोणीतरी चहा घेऊन येतो.

सगळे गेल्यावर जैनी पुंगाटी तक्त्यासमोर उभी होती. एम.एस्सी. भूगोल, दुसरं वर्ष. बोलत नाही फार. म्हणाली, "सर, दर हजारी काहाडलं त आमच्या गावाचं किती येईन?"

तिचं गाव मर्कागुडा. एकसष्ट घरं, सगळी माडिया आदिवासींची. पदवी घेतलेली ही एकटी. मी म्हटलं, तू गेलीस ना, तर एकातली एक गेली, म्हणजे हजारी हजार. मर्कागुडा लक्झेंबर्गच्या डोक्यावर बसेल.

हसली. पहिल्यांदा तिचे दात दिसले.

जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीचं पत्र तिच्याकडे आहे. वनशास्त्र. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज आता मी भरणार. ही पोरगी जाणार म्हणजे जाणार.

१८ जानेवारी, शनिवार

बाजारातून आलो तो सरळ लिहायला बसलो.

अर्जावर बापाचा अंगठा हवा होता. मर्कागुड्याला बस जात नाही, म्हणून जैनीने बापाला आठवडी बाजाराच्या गावी बोलावलं. इरपा पुंगाटी. पन्नाशीचा, काटक, उजव्या खांद्यावर कुऱ्हाड. तिथे सगळ्यांच्याच खांद्यावर असते. बायको वारल्याला तीन वर्षं झाली, घरी तो आणि त्याची बहीण.

भर दुपार. मिठाच्या पोत्यांशेजारी एक माणूस मिरच्या पाहत उकिडवा बसलेला. दोघं आले, लुंगी-शर्टातले. एकाने मागून केस धरले, दुसऱ्याने कुऱ्हाड घातली. तीन घाव. तिसरा पडला तेव्हा तो आधीच मिरच्यांवर पालथा झाला होता. शर्टात चिठ्ठी खोचली. पोलिसांचा खबऱ्या. आणि गेले. पळाले नाहीत, चालत गेले. बाजार क्षणात रिकामा, पाय बांधलेल्या कोंबड्या तेवढ्या ओरडत राहिल्या.

इरपाने मला दंडाला धरून पोत्यांमागे ओढलं. "गुरुजी, बगू नको. बगितलं म्हून दिसू नको."

पंधरा मिनिटांनी त्याने स्वतःच विचारलं, "कागद कुठी हाय?" स्टॅम्पपॅड काढलं. अंगठा घेतला. जैनी शेजारी बसून होती, मिरच्यांकडे न बघता. मी विचारलं, घाबरलीस का? म्हणाली, "आमच्यात पोलीस ज्याच्या दारात थांबते, तो माणूस मंग जास्त दिवस नाई राहत, सर."

तिने हे सांगितलं. मी ऐकलं. इथे लिहूनही ठेवतोय.

२७ जानेवारी, सोमवार

पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म. मी टाइप करतोय, ती शेजारी बसून सांगतेय. नाव, जन्मतारीख, बापाचं नाव, आईचं नाव. मग पत्ता.

"होस्टेलचा टाका ना सर."

"आधारवर तर मर्कागुडा आहे."

"असू द्या. होस्टेलचा सर्टिफिकेट आणते वॉर्डनबाईचा."

"का?"

"तसंच."

आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, गावाची लाज वाटते? तिकडे गेल्यावर सांगणार कुठली, अहेरी टाऊनची? माझ्या बावानं वीजकेंद्रात आयुष्यभर राख उपसली, मी कधी पत्ता लपवला नाही. लाज वाटायची तर जाऊच नको! बरंच बोललो. शेजारच्या लॅबमधला शिपाई डोकावून गेला.

ती खाली बघत होती. मग म्हणाली, "टाका मंग."

टाकलं. मु. मर्कागुडा, ता. भामरागड, जि. गडचिरोली. सध्याचा पत्ता तोच, कायमचा पत्ता तोच. स्क्रीनवर ते नाव बघून छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पोलीस व्हेरिफिकेशन झालं! नैताम जमादाराने सांगितलं. तो इथलाच, आलापल्लीचा गोंड, माझा जुना विद्यार्थी. मर्कागुड्याला एकटा पोलीस जात नाही. एका पोरीच्या पासपोर्टसाठी बंदुका घेतलेली चाळीस माणसं पहाटे पायी निघाली, वाटेत सुरुंग बघत बघत. इरपाच्या अंगणात पोचले नऊ वाजता. घरी आलेल्या माणसाला पाणी आणि पानात गुंडाळलेली तंबाखू द्यायची त्यांच्यात रीत आहे, वैरी असला तरी. इरपाने चाळीसजणांना पाणी पाजलं. साहेबाने हात पुढे केला, म्हणाला, तुमची मुलगी देशाचं नाव काढणार. इरपाने हात मिळवला.

त्याचा फोटो नैतामने मला पाठवला. फक्त मला. "तुमच्या पाशी राहू द्या सर, आठवण म्हून."

काय फोटो आहे! इरपाचा तो सालटं निघालेला हात साहेबाच्या गोऱ्या हातात. मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, मर्कागुडा ते जर्मनी. ओळखीच्या वार्ताहरालाही पाठवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

छापून आला. चार कॉलम. प्राचार्यांनी पेढे मागवले. वाघाडेसुद्धा खाऊन गेला.

जैनीने पेपर बघितला, परत घडी केला. विचारलं, "हे कोनं देल्लं सर?"

मी म्हटलं, पोलिसांनीच दिलं असेल, ते देतात.

का म्हणालो असं? तेव्हा लपवण्यासारखं काही वाटतही नव्हतं. पण तिचा चेहरा बघितला आणि तोंडातून तेच निघालं.

२५ मार्च, मंगळवार

पासपोर्ट दोन आठवड्यांपूर्वीच आला. शेवटच्या पानावर छापील मर्कागुडा. काल संगीता तिला मुंबईला व्हिसासाठी घेऊन गेली होती, पासपोर्ट आता तिकडेच, व्हिसाचा निकाल लागला की कॉलेजच्या पत्त्यावर येईल. संगीता फोनवर म्हणाली, "पोरगी समुद्र पाहून रडली जी. मी म्हटलं काऊन रडते, त म्हणे बावाले दाखवाले पायजे होता."

२८ मार्च, शुक्रवार

इरपाला मारलं.

पहाटे. मोहफुलं वेचायला गेला होता, बहिणीसोबत. तिकडे मोहाचं प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं असतं. खालची पानं जाळून जमीन काळी स्वच्छ करतात, रात्रभर फुलं पडतात, उजाडायच्या आत वेचतात. म्हणजे अमुक वेळेला अमुक माणूस अमुक झाडाखाली सापडणार, हे कोणालाही ठाऊक. सहाजण आले, जंगलातले बंदूकवाले. मोबाइलमध्ये पेपरातला फोटो. हा तूच? तो म्हणाला, मीच. हात? माझाच. पाणी मागितलं तर तुमाले बी देतो, म्हणाला म्हणे.

झाडाखालच्या दगडावर उजवा हात ठेवायला लावला. दोघं त्याच्या पाठीवर बसले. त्याच्याच कुऱ्हाडीची पाठ. बहीण फुलांच्या टोपलीत तोंड खुपसून आवाज ऐकत होती.

ठार नाही केलं. का, ते त्यांनाच ठाऊक. गावातल्यांनी बाजेवर घालून नदीपर्यंत आणलं, तिथून जीपने हेमलकशाच्या दवाखान्यात.

जैनीला मी सांगितलं. होस्टेलच्या व्हरांड्यात. ती एकदम बसली आणि जमिनीवर हाताची मूठ आपटत राहिली, रक्त येईपर्यंत. वॉर्डनबाई आणि मी दोघांनी धरून थांबवली.

२९ मार्च, शनिवार. हेमलकसा

दोन बोटं काढावी लागली. बाकीचा हात राहील, डॉक्टर म्हणाले, पण मिटणार नाही. कुऱ्हाड नाही, नांगर नाही, धनुष्य नाही.

इरपा शुद्धीवर. मला बघून डावा हात कपाळाला लावला. माझ्याच्याने बघवेना.

जैनी बाहेर पिंपळाखाली. "फोटो त्याईच्यापाशी कसा गेला सर? त्या नैतामनंच देल्ला ना पेपरले?"

मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा.

२ एप्रिल, बुधवार

वाघाडेला मारलं. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगितलं तर.

स्टाफरूममध्ये तो तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तिसरा रकाना काहाडा सर. दर हजारी हात." मी उठून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो खुर्चीसकट मागे पडला. पडल्यावर अजून दोन मारले. चष्म्याची काच माझ्या बोटात घुसली. शिपायांनी ओढलं तेव्हा मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. त्याचा एक दात हलतोय. प्राचार्यांची नोटीस.

मारताना बरं वाटलं. लाज याचीच वाटते. मारत होतो त्याला, आणि समजत होतं की मारायचं कोणाला होतं.

१४ एप्रिल, सोमवार. ऊर्जानगर

जयंती. कॉलनीत निळे झेंडे, डीजे, पांढऱ्या साड्या. परदेशात शिकून आलेल्या माणसाची जयंती, असं मी दरवर्षी भाषणात सांगतो. आज भाषणाला उभा राहिलो नाही. बोटाची जखम दाखवून सुटलो.

मी सगळ्यांना सांगत आलो की मलाही विलायतेचं पत्र आलं होतं, पण बावानं जाऊ दिलं नाही. संगीतालाही तेच सांगितलंय. खरं असं की बावानं सुटकेस आणली होती, निळी, कुलपासकट. मीच घाबरलो. तिकडे कोणाशी बोलणार, काय खाणार, परत येताना कसा येणार. नाही जात म्हणालो. तेव्हा बावानं ड्युटीचा पट्टा काढला आणि मला पाठीवर मारलं, राख अंगावर तशीच, आंघोळसुद्धा न करता. जायचं म्हणालो म्हणून नाही मारलं. राहतो म्हणालो म्हणून.

बावा जाऊन आठ वर्षं झाली. सुटकेस माळ्यावर आहे. जैनीला तीच द्यायचं ठरवलं होतं.

२१ एप्रिल, सोमवार

काल मर्कागुड्याला गेलो, जैनीसोबत. पहिल्यांदाच. बारा कि.मी. चालत. हेच मी जानेवारीत केलं असतं तर.

घराची कौलं फोडलेली. बैलाच्या मागच्या पायाची शीर कापलेली, तो बसून होता, माश्या. हे बंदूकवाल्यांनी नाही केलं, गावातल्यांनीच. घाबरलेला माणूस असाच वागतो, मला माहीत आहे.

गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, सगळे पुरुष बसले. म्हाताऱ्या पाटलाच्या मानेवर काळा व्रण, बंदूकवाल्यांनी कुऱ्हाड टेकवून निरोप दिला होता त्याचा. बोलणं माडियात. जैनी हळू आवाजात मराठी करून सांगत होती, दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय अशा आवाजात. ठरलं ते असं. पोरगी राहिली तर इरपाने डुक्कर कापून गावजेवण द्यायचं, विषय संपला. पोरगी गेली तर ज्या दिवशी ती जाईल त्या दिवशी इरपाने गाव सोडायचं. नाहीतर ते येतील, आणि एकट्या इरपासाठी येणार नाहीत.

म्हातारा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "गुरुजी, तू चांगला मानूस हायेस. तुझ्या चांगल्यानं आमी मरून राह्यलो."

इरपा आम्हाला गावाच्या कडेला घेऊन गेला. तिथे मेलेल्यांचे दगड उभे करतात. त्याच्या बायकोचा दगड छातीएवढा, अजून शेवाळ नाही. "हा मी अन् भावकीनं ओढून आनला. याले सोडून कुठी जाऊ?" थोड्या वेळाने, जैनी पुढे गेल्यावर, "पन पोरगी राह्यली त माझा हात कायले गेला?"

दोन्ही तोच बोलला.

परतीच्या वाटेवर जैनी एकदाच बोलली. "तुमच्या तक्त्यात जानारे मोजले सर. मांगं राह्यलेले कोनत्या रकान्यात हायेत?"

७ मे, बुधवार

अहेरीच्या बाजारात जैनीने नैतामला दगड मारला. तो सुट्टीवर होता, साध्या कपड्यात, बायकोसोबत भाजी घेत. मुठीएवढा दगड, कपाळावर. तो खाली बसला. दुसरा तिच्या हातात होता, लोकांनी धरलं. ती ओरडत होती, "माझ्या बावाचा हात देजो! हात देजो!"

सहा टाके. तक्रार केली नाही त्याने. संध्याकाळी माझ्याकडे आला, पट्टी बांधलेला, आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच उभा.

"सर, फोटो मी तुमाले एकट्याले पाठवला होता."

मी खुर्ची पुढे सरकवली.

"मी तिले काई नाई सांगितलं. तुमी माझे सर हायेत. पन दगड मले बसला. तुमचा होता."

गेला.

८ मे, गुरुवार

सांगितलं तिला. डिपार्टमेंटमध्ये, सकाळी दहाला. नैतामने नाही, मी दिला. ग्रुपवर मी टाकला. पेपरला मी पाठवला. तुला दोनदा खोटं बोललो.

तिने माझ्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. तिसरी मारताना तिचा हातच वळला आणि कानावर बसली, अजून आत शिट्टी वाजतेय. मी हात खिशात घालून उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी हात उचलला नाही असा हा पहिलाच राग.

मग तक्त्याकडे वळली. नेपाळपासून खाली फाडला, सर्र. तुकडे पायाखाली.

"मी म्हनलं होतं होस्टेलचा पत्ता टाका. लाज नव्हती सर. भेव होतं."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस.

"बाजारात सांगितलं होतं. मिरच्यायपाशी."

दारात थांबून म्हणाली, "अन् तुमी विचारलं कुठी? तुमी सवताच लाज, लाज करून राह्यले होते."

होस्टेल सोडलं तिने. गावाला गेली, बापाजवळ. निळी सुटकेस माझ्या खोलीत आहे, कालच संगीताने पाठवली होती.

११ जुलै, शुक्रवार

कुरिअर. पासपोर्ट. व्हिसा लागलाय.

दोन महिने तिचा निरोप नाही. फोन तिकडे लागत नाही. विमान एकवीस सप्टेंबर, नागपूरहून. तिकीट शिष्यवृत्तीतून आपोआप निघालं, त्या लोकांना काय माहीत.

आधी मनात काय यावं, तर नैतामच्या हाती निरोप पाठवू. परत पोलीस! मीच माझ्या तोंडात मारून घेतली, खरोखर, आरशासमोर. गाढव.

इरपा महिन्यातून एकदा हाताचा व्यायाम शिकायला हेमलकशाला येतो. तिथल्या नर्सबाईंकडे चिठ्ठी पाठवली. "पासपोर्ट आलाय, व्हिसासकट. विमान २१ सप्टें. नागपूर. माझ्याकडे आहे. ठरवायचं ते तू ठरव." तीन पानं लिहिली होती आधी. फाडली.

९ ऑगस्ट, शनिवार

नर्सबाईंचा निरोप. चिठ्ठी पोचली. इरपाने घेतली, मडक्यात ठेवली म्हणाला. उत्तर नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

पाच दिवस नदी पुलावरून वाहत होती, बस बंद. आज पेपरात, मर्कागुड्याच्या जंगलात चकमक. दोन मृतदेह, ओळख पटलेली नाही. एक बाई, एक पुरुष.

पंधरा वेळा वाचलं. वय दिलेलं नाही. वार्ताहराला फोन केला, तोच तो. म्हणाला, "सर, डेड बॉडी वर्दीतल्या हायेत म्हने, गाववाले नसतीन." नसतील म्हणे. फोन भिंतीवर फेकून मारला. स्क्रीन गेली, आवाज येतो.

संगीताला सांगितलं मी तिकडे जातो म्हणून. "काऊन जी? आजून काय करून ठेवाचं राह्यलं? बसा जागच्या जागी. तिले ठरवू द्या."

बसलो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पूल उघडला. सकाळी आठपासून अहेरीच्या स्टँडवर होतो. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात, सुटकेस पायाशी. लोकांनी विचारलं, कुठी निघाले सर? कुठेच नाही म्हटलं.

सव्वादहाला तिकडची पहिली बस. चिखलाने खिडक्यांपर्यंत माखलेली. बायका, कोंबड्या, एक तापाचं पोर. शेवटी इरपा. एकटाच.

त्याला धरायला गेलो, त्यानेच मला धरलं, डाव्या हाताने. कुऱ्हाड आता डाव्या खांद्यावर आहे. उजवा हात शर्टाच्या बटनांमध्ये खोचलेला.

"जैनी?"

"हाय."

"बरी आहे?"

"हाय."

"येणार आहे का?"

त्याने डावा हात पुढे केला. "ते पुस्तक दे."

मला म्हणता आलं असतं, तिलाच देईन, तिची सही लागते, कायदा आहे. म्हणता आलं असतं, इरपाभाऊ, तुम्ही याचं काय करणार? चुलीत घालणार का तिच्या हातात देणार? जिभेवर होतं. जानेवारीपासून सगळं मीच ठरवत आलो. खिशातून काढलं आणि दिलं.

त्याने ते मांडीवर ठेवून उघडलं. तिचा फोटो बघितला. मग पानं उलटत शेवटच्या पानावर आला, कोणी त्याला सांगितलं असावं. बोट ठेवलं. "इथी काय लिवलं?"

वाचलं. "वडिलांचं नाव, इरपा पुंगाटी. आईचं नाव, मैनी पुंगाटी. पत्ता, मुक्काम मर्कागुडा, तालुका भामरागड, जिल्हा गडचिरोली."

"मैनीचं नाव हाय?"

"आहे."

"परत वाच."

परत वाचलं. स्टँडवरचा गोंगाट, भोंगा, चिवडेवाला. तो मान खाली घालून ऐकत होता. तिसऱ्यांदा वाचायला त्याने सांगितलं नाही, मीच वाचलं. त्याने पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, एका हाताने गाठ मारायला फार वेळ लागला, मदत करू दिली नाही. शर्टाच्या आत, मेलेल्या हाताजवळ ठेवला.

तीच बस परत जाणार होती. चढला. मी सुटकेस दाखवली. त्याने बघितली, थोडा विचार केला, आणि हात बाहेर काढून तीही आत ओढून घेतली.

खिडकीतून काहीतरी बोलला. माडियात. एक लांब वाक्य, शांतपणे, माझ्या डोळ्यांत बघून. गाडी सुरू झाली होती. अहेरीत मला एकोणीस वर्षं झाली. लक्झेंबर्गची राजधानी सांगता येते, माडिया येत नाही. शेजारच्या बाईला विचारलं, काय म्हणाला तो? ती तेलुगू बोलणारी, सिरोंच्याची.

विमान परवा. नागपूरला वेळेत पोचायचं तर जैनीने आज साडेचारच्या बसने इथे उतरायला हवं, फार तर उद्या सकाळच्या. आता दोन वाजलेत. स्टँडच्या बाकावर बसूनच लिहितोय. संगीताचा फोन येतोय, उचलत नाही.